नावाखालची ओळ

जिल्हा दैनिकात मथळ्याला अक्षरे मोजून मिळतात. एका कॉलमाला बारा, दोन कॉलमांना सव्वीस. सत्ताविसावे अक्षर आले की मंत्री असो वा महापूर, मथळा परत येतो. परभणीच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून एकतीस वर्षे हे मोजण्याचे काम केले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कादंबऱ्या लिहिल्या. त्या अकरा झाल्या. त्यांतल्या नऊ आता कुठेही मिळत नाहीत. उरलेल्या दोन घरी आहेत.

निवृत्तीनंतर जे काम मागे लागले ते कादंबरीचे नव्हे, कादंबरीच्या नावाखाली एक ओळ छापतात तिचे. नवे लेखक तिला टॅगलाइन म्हणतात. परभणीत छापखाना आणि छोटे प्रकाशन चालवणारे शकूरभाई तिला नुसती ‘ओळ’ म्हणतात. ‘ओळ काढली का सर?’ असा त्यांचा फोन येतो. विहिरीतला गाळ काढला का, असे विचारावे तसा.

बाहेरच्या माणसाला हे काम अर्ध्या तासाचे वाटते. ते खरेही आहे. ओळ सुचायला अर्धा तास पुरतो. तिच्या आधीच्या चाळीस ओळी खोडायला आठवडा जातो. ओळीने करायचे ते एकच: हातात पुस्तक घेतलेल्या माणसाला पहिले पान उघडायला लावायचे. ती सारांश नव्हे, शिफारस नव्हे, लेखकाचा सत्कार तर मुळीच नव्हे. ती जमली की नाही हे ठरवण्याची शकूरभाईंची एक पद्धत आहे. लग्नपत्रिका छापायला काउंटरवर आलेल्या कोणालाही ते ओळ वाचून दाखवतात. तो ‘वा वा’ म्हणाला की ओळ नापास. ‘मग?’ म्हणाला की पास. माझ्या निम्म्याहून अधिक ओळी ‘वा वा’वर गेल्या.

पहिली चूक माझ्याच पुस्तकावर झाली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात, हा बातमीचा नियम. पोलीस ठाण्याच्या बातम्या लिहून हात तयार झालेला होता आणि पहिली कादंबरी खुनाची होती. मुखपृष्ठावर ओळ दिली: ‘सख्ख्या मेव्हण्यानेच साधला डाव’. अक्षरे मोजून बसवली होती. कादंबरी एकशे चाळीस पानांची. मेव्हणा एकशे छत्तिसाव्या पानावर सापडत होता. महिनाभराने सेलूच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. ‘आपले मुखपृष्ठ वाचले. आवडले. पुस्तक घेण्याची गरज उरली नाही.’ ते कार्ड जपून ठेवले आहे. इतके नेमके परीक्षण नंतर कोणी लिहिले नाही.

जिंतूरचे एक निवृत्त एसटी कंडक्टर भुताच्या गोष्टी लिहीत. त्यांना ओळ पुस्तकाला नको होती, स्वतःच्या नावाला हवी होती.

‘मराठवाड्याचा कथासम्राट, असं टाका,’ ते म्हणाले.

‘कथा किती झाल्या?’

‘तीन. चौथी चालू हाय.’

‘तीन कथांवर सम्राट?’

‘राज्य ल्हान हाय म्हना की सर. पर हाय तर आपलंच.’

लेखक किती मोठा आहे हे ओळीने सांगायचे नसते, वाचकाचे पुढे काय होणार याची चाहूल द्यायची असते, एवढे पटवायला तीन चहा लागले. अखेर ‘शेवटच्या थांब्याआधी उतरू नका’ ही ओळ ठरली. डेपोतले जुने सहकारी आता त्यांना नमस्काराऐवजी ‘थांबा आला का?’ असे विचारतात. त्यांना ते आवडते.

गंगाखेडच्या एका तरुण लेखकाला मात्र ओळ फार चांगली दिली, ही खंत आहे. ती इतकी जमली की कादंबरी तिच्यापुढे फिकी पडली. वाचक ओळीच्या भरवशावर आत शिरले आणि चिडून बाहेर आले. त्याने दुसरे पुस्तक लिहिले नाही. ओळ पुस्तकापेक्षा बोटभर बुटकी असावी, असा नियम तेव्हा वहीत लिहून ठेवला. त्या तरुणाला त्याचा काही उपयोग नव्हता.

असे बरेच नियम वहीत जमा झाल्यावर गेल्या वर्षी अनुसया देवकते यांची कादंबरी आली, आणि वही बंद करून ठेवावी लागली.

अनुसयाबाई पालम तालुक्यातल्या एका गावच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण दहावी. घरचा धंदा शेळ्या-मेंढ्यांचा. दिवाळी झाली की त्यांचा कळप गाव सोडतो, वाटेवरच्या शेतांत खतासाठी मुक्काम करत हिंडतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. या हिंडण्यात त्यांनी चार शाळकरी वह्यांत कादंबरी लिहिली. नाव ‘एक शेळी कमी’. एका कळपात रोज संध्याकाळी मोजले की एक शेळी कमी भरते आणि सकाळी मोजले की आकडा बरोबर येतो. शेळी नेतो कोण, आणि नेतो तर परत का आणतो, यावर एकशे साठ पाने. उत्तर इथे देणार नाही. सेलूच्या पोस्टकार्डाची आठवण आहे.

शकूरभाईंनी वह्या एका बैठकीत वाचल्या आणि छापायचे ठरवले. अनुसयाबाईंची अट एकच होती: कळप हलण्याआधी पुस्तक गावात आले पाहिजे. एकदा निघाले की सात महिने माणसे पांगलेली. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ते आधी वाचावे, परक्यांनी नंतर, असे त्यांचे म्हणणे होते. दसरा होऊन गेला होता. हातात अठरा दिवस होते.

ओळ अर्ध्या तासात सुचली: ‘मेंढरांमागे हिंडता हिंडता लिहिलेली कादंबरी’.

‘खल्लास!’ शकूरभाई म्हणाले. ‘सर, ह्याच्यावर पेपरवाले धावत येतात का न्हाई बघा.’

ते खरे होते. मी स्वतः पेपरवाला होतो आणि धावतच आलो होतो. मुखपृष्ठाचा नमुना अनुसयाबाईंच्या मोबाइलवर पाठवला. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एसटीने परभणीत आल्या आणि छापखान्याच्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या.

‘ही ओळ कोनी लिवली?’

शकूरभाईंनी माझ्याकडे बोट केले. प्रकाशक संकटात लेखकाच्या पाठीशी उभा राहतो. ओळ लिहिणाऱ्याच्या नाही.

‘दादा, तुमी बी कादंबऱ्या लिवल्यात म्हनं?’

‘अकरा.’

‘त्येच्यावर काय छापलंय? पेपरात बसून लिहिलेली कादंबरी, आसं?’

काउंटरवर पत्रिकांचे नमुने चाळत असलेला एक नवरदेवाचा बाप हसला.

‘नाही,’ असे सांगावे लागले.

‘मग माझ्याच बोकांडी का?’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘म्या मेंढरामागं हिंडते ते गावाला ठावं हाय. निम्मं गाव हिंडतंय. आमचे लोक म्हनतील, त्यात काय नवल? आन् शहरातले म्हनतील, आरे वा, मेंढक्याची बाई लिवायली! शेळीचं काय झालं, हे कोनच इचारनार न्हाई.’

शकूरभाईंनी सवयीने ती ओळ नवरदेवाच्या बापाला वाचून दाखवली.

‘वा वा,’ तो म्हणाला.

निकाल लागला.

चूक कळायला वेळ लागला नाही. मान्य करायला लागला. डेस्कवर नवलाईला किंमत असते. आजोबा नातवाबरोबर दहावी पास झाले, की दोन कॉलम पक्के. आजोबांना गणितात काय अडले होते, हे कोणी विचारत नाही. गोष्ट बाजूला सारून माणसाचे नवल पुढे करायची सवय एकतीस वर्षांची होती. मेव्हण्याच्या वेळी ओळीत सगळी गोष्ट सांगून टाकली होती. या वेळी गोष्टीला ओळीत घेतलेच नव्हते.

‘मग ओळ कशी हवी?’ असे त्यांना विचारले.

‘ते म्याच सांगू व्हय? मग तुमी कशाला?’ शकूरभाईंनी मागवलेला चहा त्यांनी बशीत ओतला. चहा संपल्यावर म्हणाल्या, ‘मेंढराला आमी हाळी देतो. कुठं जायाचं, किती लांब, म्होरं पानी हाय का न्हाई, कायबी सांगत न्हाई. निस्ती हाळी. पर ते मान वर करतंय.’

‘सर, हेच छापू का?’ शकूरभाईंनी विचारले.

‘नाही,’ अनुसयाबाई आणि मी एकाच वेळी म्हणालो. त्या दिवशी आमचे एकमत झाले ते एवढ्याच मुद्द्यावर.

पुढच्या चार दिवसांत पंचवीस ओळी झाल्या. ‘रोज कोण नेते?’ ही पोलीस ठाण्यातली वाटली. ‘अंधारातली वाट’ ही कोणत्याही पुस्तकाला चालली असती, म्हणून या पुस्तकाला चालली नाही. काउंटरवर सगळ्यांना ‘वा वा’ मिळाले. एका गिऱ्हाइकाने तर ‘पत्रिकेवर टाकता येईल का?’ असेही विचारले. तेव्हा वार्ताहराने करायचे ते केले. घटनास्थळी गेलो.

पालमपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. गावाबाहेरच्या माळावर मेंढवाडा होता. वाघर, म्हणजे सुताची उंच जाळी, खुंट्यांवर ताणून गोल कुंपण केलेले आणि एका बाजूला आत सोडण्यापुरती फट ठेवलेली. दिवस मावळतीला लागला होता. फटीजवळ अनुसयाबाईंच्या सासूबाई, गयाबाई, गोणपाटावर बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. कळपाची रोजची मोजणी त्यांच्याकडे. जनावर आत जाताना त्या पाठीवर हात ठेवत आणि विसाच्या हिशेबाने मोजत: एक इसा, दोन इसा, तीन इसा.

‘आत्या, हे परभनीचे दादा. पुस्तकाचं बघत्यात ते,’ अनुसयाबाईंनी ओळख करून दिली. ‘मोजनी बघायला आलेत.’

‘बघून काय येतंय?’ गयाबाई बाजूला सरकल्या. ‘बसा हितं. मोजा. तीन इसा न् चार हायेत. बघू पेपरवाल्याचं गनित.’

अक्षरे मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सोपे वाटले. अक्षरे मात्र जागेवर उभी राहतात. इथे दोन मेंढ्या एकदम घुसल्या, एक बोकड आत जाऊन परत बाहेर आला, एका करडाने माझ्या पिशवीतली वही चाटली. अनुसयाबाईंचे यजमान मारोतराव हातात काठी घेऊन चेहरा गंभीर ठेवण्याचा प्रयत्न करत होते. शेवटचे मेंढरू आत गेले. आकडा भरला त्रेसष्ट. डेस्कच्या शिस्तीप्रमाणे तो ताबडतोब आणि स्पष्ट आवाजात जाहीर केला.

‘त्रेसष्ट. एक कमी.’

मारोतरावांची काठी खाली आली. चुलीजवळच्या बाया बोलायच्या थांबल्या. गयाबाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलेही नाही. जाळीकडे पाहत एवढेच म्हणाल्या:

‘पुन्हा मोज.’

काय चुकले ते अनुसयाबाईंनी हळू आवाजात सांगितले. बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तसे त्यांच्या घरात वाड्यापाशी ‘कमी’ म्हणत नाहीत. आकडा भरला नाही तर मोजणाऱ्याने गप्प राहायचे आणि जाणत्या माणसाने ‘पुन्हा मोज’ म्हणायचे.

‘आणि खरंच हरवलं असेल तर?’

‘लांडग्यानं डोळ्यादेखत नेलं तरी एकदा पुन्हा मोजायचं,’ गयाबाईंनी परस्पर उत्तर दिले. ‘त्येवढ्यात आलं तर?’

पुन्हा मोजले. चौसष्ट. पायात काटा मोडलेली एक काळी शेळी दुपारपासून आत खुंटीला बांधलेली होती. ती फटीतून गेलीच नव्हती, म्हणून पहिल्या मोजणीत धरली गेली नव्हती. वाडाभर हसू पिकले.

‘पेपरात बी आसंच छापत व्हता काय?’ गयाबाईंनी विचारले.

‘कधी कधी. दुसऱ्या दिवशी खुलासा देत होतो.’

‘बरं हाय. आमाला लगीच द्यावा लागतो.’

चहा झाला. वातावरण चांगले होते. गयाबाईंनी सहज विचारले, ‘बाबा, सुनंच्या पुस्तकाचं नाव काय ठिवलंय?’

चुलीत काटकी सारणारा अनुसयाबाईंचा हात थांबला. त्यांनी घरात नाव सांगितलेले नव्हते, हे तेव्हा कळले. प्रश्न मला होता. चुकीची माहिती द्यायची नाही, हा नियम नको त्या वेळी आठवला. नाव सांगितले.

गयाबाईंनी कप खाली ठेवला. ‘त्या नावाचं पुस्तक ह्या वाड्यात येनार न्हाई. कळपासंगं तर न्हाईच न्हाई.’

‘आत्या, गोष्टच त्येवढ्याची हाय,’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘ते नाव काढलं तर पुस्तकात ऱ्हातंय काय? म्या न्हाई बदलनार.’

‘नको बदलू. गावात ठिव. परभनीत ठिव. संगं नको.’

मारोतराव उठून मेंढ्यांकडे गेले. एकीकडे आई, एकीकडे बायको. बाजू घेण्यापेक्षा बोकडाची दोरी तपासणे त्यांना सोयीचे वाटले असावे. पुस्तक छापले जाणार होते, शहरात विकलेही गेले असते. पण ज्यांनी आधी वाचावे म्हणून अठरा दिवसांची धावपळ चालली होती त्यांच्याच गाठोड्यात त्याला जागा नव्हती. अनुसयाबाईंनी चुलीपुढून मान वर केली नाही.

मग लक्षात आले की पंचवीस ओळी खोडून जी शोधत होतो ती तासाभरापूर्वी कानावर पडली होती, आणि तेव्हा ती टिपून घेण्याऐवजी मी शेळ्या मोजत होतो.

‘आत्याबाई,’ मी म्हणालो, ‘पुस्तकाच्या नावाखाली एक ओळ असते. तिथं तुमचंच बोलणं छापलं तर? पुन्हा मोज.’

अनुसयाबाईंनी झटकन वळून पाहिले. गयाबाईंनी पाहिले नाही, पण हात पुढे केला. करडाने चाटलेल्या वहीत दोन्ही ओळी लिहून दाखवल्या, वर नाव, खाली ओळ. त्यांना वाचता येत नव्हते.

‘वाच गं,’ त्या सुनेला म्हणाल्या.

‘एक शेळी कमी. पुन्हा मोज.’

‘आनिक एकदा.’

अनुसयाबाईंनी पुन्हा वाचले.

‘म्हंजी आधी ते वंगाळ, आन् लगीच हे?’

‘लगेच,’ मी म्हणालो. ‘मध्ये काही नाही.’

‘वरचं केवढं छापनार?’

अनुसयाबाईंनी दोन्ही हातांनी माप दाखवले.

‘आन् खालचं?’

हात जवळ आले. गयाबाईंनी मान हलवली.

‘उलटं करा. खालचं मोटं करा. लांबून आधी तेच दिसलं पायजे.’

ओळीचा आकार नावापेक्षा मोठा नसतो. हा वहीतला नियम नव्हे. तो नियम आहे हे लिहून ठेवायची कोणाला गरजच पडली नव्हती. तिथूनच शकूरभाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, ‘सर, असं कुठं असतं का? लोक त्यालाच पुस्तकाचं नाव समजतील.’

‘काउंटरवर कोणी आहे का?’

‘एक पावणे हायेत. बारशाची पत्रिका.’

‘वाचून दाखवा.’

फोन चालूच होता. शकूरभाईंचा आवाज आला, ‘पुन्हा मोज.’ मग दुसरा आवाज, थोडा घाबरा: ‘का? काय हरवलं?’

शकूरभाई पुन्हा फोनवर आले. ‘छापतो सर. हा माणूस “मग?”च्या म्होरं गेला.’

कळप हलण्याच्या तीन दिवस आधी पुस्तके गावात पोहोचली. गयाबाईंनी पहिल्या प्रतीला भंडाऱ्याचे बोट लावले. नावाला नाही, ओळीला. ती प्रत नंतर घोड्याच्या पाठीवरच्या सामानात, भांड्यांच्या आणि घोंगड्यांच्या मध्ये ठेवली गेली. अनुसयाबाईंनी ती ठेवताना दोनदा जागा बदलली. एवढीच त्यांची प्रतिक्रिया नोंदवता येते.

शकूरभाईंची भीती मात्र खरी ठरली. दुकानांत लोक ‘पुन्हा मोज’ मागतात. तालुक्याच्या एका वाचनालयात पुस्तकाची नोंदही त्याच नावाने झाली आहे. मुखपृष्ठावर ओळ लिहिणाऱ्याचे नाव कधीच नसते. या वेळी त्याचे वाईट वाटले नाही, कारण ओळ माझी नव्हती. इतक्या वर्षांत जी सर्वांत चांगली जमली ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली निघाली. डेस्कवर अशा वेळी बातमीखाली ‘वार्ताहराकडून’ असे छापत.

पौषात अनुसयाबाईंचा फोन आला. कळप कुठल्याशा शेतात मुक्कामाला होता. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता.

‘दादा, रोज सांच्याला वाचायलाव. आजूबाजूचे दोन वाडे बी ऐकायला येत्यात.’

‘कितवं पान चालू आहे?’

‘सत्तर. म्होरं सरकंना. “कमी” आलं की सगळे एकदम वरडत्यात, पुन्हा मोज! मग आत्या मला मागच्या पानावर नेत्यात. आधी मोजनी बरोबर लाव म्हनत्यात, मग म्होरं वाच.’

‘शेळी कोण नेतं ते कळलं का त्यांना?’

‘कुनाला बी न्हाई. तुमी नका सांगू.’

मग फोन गयाबाईंकडे गेला. ‘बाबा, मोजायला शिकलास का?’ त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फोन परत दिला.

या अंकाच्या संपादकांनी दोन हजार शब्द मागितले होते. लेख पूर्ण झाल्यावर सवयीने मोजले. आकडा सांगत नाही. पुन्हा मोजतो आहे.